मापाडी बाईंची करवत

बंदरावर तिला सगळे मापाडी बाई म्हणत. बोटी लागल्या की ही बाई गमबूट चढवून, टेप गळ्यात अडकवून लिलावाच्या शेडमध्ये हजर. शार्कचा ढीग ओतला रे ओतला, की लिलाववाल्याने तोंड उघडायच्या आत हिने नाकापासून शेपटीपर्यंत मापं घ्यायची, नर की मादी बघायचं, पोटात पिल्लं आहेत का चाचपायचं. शार्क वाचवायला म्हणून शिकलेली बाई, पण जिवंत शार्कला तिचा हात कधी लागला नव्हता. बोट घेऊन समुद्रात जाण्याची चैन तिला कोण करू देणार? मेलेल्यांकडून जे कळेल ते तिचं शास्त्र.

"त्यापेक्षा शिंपीण झाली असतीस," आई नाक मुरडून म्हणायची. "निदान गिऱ्हाईक तरी जिवंत असतं."

दर वर्षी ढीग लहान होत गेला आणि ढिगातले मासेही. बाईने त्यावर रडणंसुद्धा सोडून दिलं होतं. एकाच गोष्टीची आस तेवढी सुटत नव्हती, ती म्हणजे करवतमासा. हा शार्कचाच नातेवाईक. नाकाच्या जागी लांब पट्टी, तिला दोन्हीकडे दात, थेट सुताराची करवत. म्हाताऱ्या खलाशांनी पोरवयात पाहिलेला, पुढे कुणालाच दिसला नाही. खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायला बंदी घाला, तिथे यांची पिल्लं होत असणार, म्हणून ती मत्स्यखात्याच्या साहेबांच्या खनपटीला बसली होती. साहेब म्हणायचे, "मासा आहे तरी का तो? पुरावा आणा, लगेच बंदी घालतो."

मग ती बोटीबोटीवर जाऊन सांगायला लागली. "करवत दिसली तर मला दाखवा. काहीही करा, पण दाखवा." सांगून सांगून तोंडाला फेस आला.

आणि एके सकाळी एका बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा, फोन आला. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात बाई रात्रभर दवाखान्यात बसली होती, तेव्हापासून हा तांडेल तिचा शब्द खाली पडू देत नसे. "बाई, लवकर या. तुमची करवत आणलीय."

गमबूट न घालताच ती धावली. धक्क्यावर ताडपत्री अंथरून, वर ओली पोती टाकून त्याने मासा ठेवला होता. भलीमोठी मादी, करवतीचा एक दातही तुटलेला नाही. बाईला इतका आनंद झाला की तिने सगळ्यांदेखत तांडेलाचे दोन्ही हात धरले. खोटं कशाला सांगा, मासा मेलाय हे त्या क्षणी तिच्या लक्षातही आलं नाही. तिने आजवर पाहिलेले सगळे मेलेलेच होते.

"जाळ्यात गुरफटली होती," तांडेल खुशीत सांगू लागला. "दुसरा कुणी असता तर करवतच तोडली असती. मी जाळं कापलं. नवंकोरं जाळं, बाई! पार मोकळी केली तिला."

"मोकळी केली?"

"तर! जिवंत होती ना. मग शेपटीला दोर बांधून ओढत आणली. निम्म्या वाटेपर्यंत धडपडत होती. पण म्हटलं, बाईंना दाखवायची म्हणजे दाखवायची."

बाई माशाशेजारी खाली बसली. मग सवयीने टेप काढली आणि माप घेतलं, दुसरं करण्यासारखं उरलं होतं काय? पोट फाडलं तर आत पिल्लं, पूर्ण दिवसांची. प्रत्येकाच्या इवल्याशा करवतीवर मऊ पडदा होता, जन्मताना आईला टोचू नये म्हणून. हे तिने फक्त वाचलं होतं. एकाचे कल्ले हलल्यासारखे वाटले. तिने ते टबात सोडलं, पाण्यात हात घालून बराच वेळ त्याला पुढेमागे हलवत राहिली. तांडेलाने दोनदा पाणी बदलून आणलं. ते पिल्लूही गेलं.

तिथूनच तिने साहेबांना फोन लावला.

"अरे वा, म्हणजे होता तर!" साहेब म्हणाले. "मेला ना पण? मग आता बंदी कुणासाठी घालायची? दुसरा सापडला की बघू."

तिने फोन ठेवला. तांडेल अजून उभाच होता, शाबासकीची वाट बघत. तिचा चेहरा बघून तो चपापला.

"काय चुकलं का, बाई?"

"सोडून द्यायची होती," ती म्हणाली. "जाळं कापलंत, तिथेच सोडून द्यायची होती. त्यांना जगवण्यासाठीच तर चाललं होतं माझं सगळं."

तांडेल कधी तिच्याकडे बघे, कधी माशाकडे. आपण काय केलं ते त्याला हळूहळू उमगत गेलं आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"मग तसं सांगायचंत ना, बाई," तो म्हणाला. "सोडायला काय, हातातच होती. तुम्ही दाखवा म्हणालात, म्हणून आणली."