आठ बोटांचे मेगर आप्पा

दहा नोव्हेंबर, सकाळचे साडेनऊ. ठरलेली रक्कम अडतीस हजार पाचशे. हजर माणसे चार: मी, माझी बायको सुनंदा, चाकाच्या खुर्चीत माझे वडील भाऊ, आणि पायमोजे काढून फरशीवर अनवाणी उभे असलेले मेगर आप्पा.

रक्कम सांगण्याआधी ते तसे पूर्ण पाच मिनिटे उभे होते. मी घड्याळात पाहिले म्हणून सांगतो. उजव्या पायाची दोन बोटे नव्हती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून म्हणाले, "दोन बर्फात ठिवून आलो. घाबरू नगा सायेब, आठावर दहाचं बिल लावनार न्हाई."

आप्पा पाटणकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात वायरिंगची कामे करू लागले. तारेच्या आवरणातून वीज गळते का हे सांगणारे मेगर नावाचे यंत्र कायम त्यांच्या खांद्याला असे. लग्नाच्या पंगतीतही ते सोबत असते, असे सुनंदा म्हणे. तिचे माहेर त्यांच्या शेजारचे, त्यामुळे खरे असावे.

काम साधे नव्हते. जूनमध्ये भाऊंना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितले होते की रोज अनवाणी चालवा, पहिले सहा महिने हातचे घालवू नका. पण दिवाळीनंतर फरशी गार पडू लागली. पाय टेकला की भाऊ तो वर ओढून घेत. "मढं ठेवतात बर्फाच्या लादीवर. मी अजून जिवंत आहे," म्हणत. चप्पल घातली की डावा पाय फरफटे. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अडीच फूट रुंद आणि सोळा फूट लांब पट्टा विजेने उबदार करायचा, असे मी ठरवले. फरशीखाली तारांची जाळी अंथरायची, वर फरशी बसवायची. मिक्सरला लागते तेवढीच वीज.

मी चार कंपन्यांच्या दरांचा तक्ता करून ठेवला होता आणि सर्वांत स्वस्त जाळीला लाल गोल केला होता. आप्पांनी तक्ता नीट वाचला, कौतुकही केले. मग विचारले, "ह्यात जोड किती हायेत, ते कुटं लिवलंय?" ते मी लिहिले नव्हते. "फरशीखाली गेलेली तार म्हंजे सीमेवर गेलेला गडी. माघारी बोलवता येत न्हाई. धाडायच्या आधी बघून घ्यायचं." त्यांनी एकसंध तारेची, वरून अर्थिंगचे वेष्टन असलेली जाळी निवडली. तिच्याखालचा उष्णतारोधक थर गाळला तर साडेचार हजार वाचतात, असे मी दाखवून दिले. ते म्हणाले, "वाचत्यात की. मग ऊब खाली जमिनीत जाईल. पाय कुनाचं गरम करायचं, भाऊंचं का गांडुळांचं?" भाऊ त्या दिवशी पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

आप्पा एकच जाळी तीनदा मोजत. खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर. प्रत्येक आकडा वहीत, आणि खाली घरमालकाची सही. आमच्या जाळीचा रोध पहिल्या दोन्ही वेळी चौऱ्याण्णव ओहम आला. फरशी बसवतानाही मेगर तारेला लावून ते शेजारी मांडी घालून बसत.

जाळीवर सिमेंटच्या लेपाचा पातळ थर दिला, त्या दिवशी त्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावे लागले. जाताना फरशी बसवणाऱ्या बाळू मिस्त्रीला बजावले, "मी येईतो एक फरशी बसवायची न्हाई." बाळू बाहेर चहा पीत बसला. इकडे मी एकटा. थर सहा मिलिमीटरचा ठरला होता. तो खरोखर सहा आहे का, हे पाहावेसे वाटले. पेचकसावर सहा मिलिमीटरची खूण केली आणि चार ठिकाणी टोचून पाहिले. चारही ठिकाणी सहा भरला. मला समाधान वाटले.

आप्पा आले, मेगर लावला, आणि यंत्राने शून्य दाखवले. आवरण फाटले होते.

"बाळ्या, थापी मारलीस का रं?"

"आप्पा, आईच्यान् सांगतो, मी आतबी आलो न्हाई!"

"मग काय उंदरानं मारली?" आप्पा गरजले. सुनंदाही बाळूवर चिडली. भाऊ माझ्याकडे पाहत होते. मी खिशातून पेचकस काढून आप्पांपुढे धरला.

त्यांनी खूण पाहिली, भोके पाहिली. मला वाटले, आता फौजेतली शिवी येणार. त्यांनी वही पुढे केली. "मोजलंत न्हवं? मग लिवा. तुमच्याच हातानं." मी लिहिले, सही केली. जोड देऊन भागेल का, असे विचारले. "भागंल. पन मी देनार न्हाई. त्यावर भाऊ चालनार हायेत."

नवी जाळी यायला आठ दिवस गेले. सहा महिन्यांतले ते आठ दिवस माझ्यामुळे गेले.

नवी जाळीही चौऱ्याण्णवच भरली. पण पुन्हा सगळे बसल्यावरही आप्पा बटण दाबू देईनात. लेप सुकायला चौदा दिवस. भाऊ रोज विचारत, "हवालदार, आज?" "भाऊ, ही फरशी नवी भरती हाय. ट्रेनिंग पुरं झाल्याबिगर ड्यूटी न्हाई." तापमानाच्या बटणाला त्यांनी सत्तावीस अंशांवर कुलूप घातले आणि फरशीतच तापमान ओळखणारा सेन्सर ठेवला. "भाऊंच्या डाव्या पायाला चटका कळत न्हाई. तवा फरशीला कळाय पायजे."

आता आप्पा सांगलीला मुलीकडे राहतात. थंडी सुरू झाली की फोन येतो. "किती?" एवढेच विचारतात. मी मोजून ठेवलेलेच असते. "चौऱ्याण्णव." "आन् भाऊ?" मग मी फोन भाऊंकडे देतो.

पण हिशेब पुरा झाला तो त्याच वर्षी. सोळा डिसेंबर, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. राहिलेले साडेआठ हजार पाकिटात घालून मी भाऊंच्या उजव्या हातात दिले आणि त्यांचा डावा दंड धरला. भाऊंनी पाय टेकला. वर ओढला नाही. आप्पा समोर अनवाणी उभे होते. भाऊंनी एक पाऊल टाकून पाकीट पुढे केले, तसे आप्पा एक पाऊल मागे सरले. भाऊंनी दुसरे टाकले, आप्पा पुन्हा मागे.

"अहो घ्या की, हवालदार!"

"या की भाऊ, घ्यायलाच उभा हाय."

बाराव्या पावलाला भाऊंनी दंडावरचा माझा हात झटकला. न्हाणीघराच्या दाराला आप्पांची पाठ टेकली, तेव्हा एकोणीस पावले झाली होती. जाळी दुसऱ्यांदा अंथरण्याची मजुरी आप्पांनी लावली नाही. वहीत तिच्यासमोर "सायेबांचं शिक्षण, फुकट" असे लिहिले आहे. बाकी साडेआठ हजार रुपये, रोख, भाऊंनी चालत नेऊन आप्पांना दिले.