स्टुलं दिली होती

आमच्या कारखान्यात स्टुलं होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे अण्णा सगळ्यांना तेच सांगत फिरले, की मी स्टुलं दिली होती, बायकाच बसल्या नाहीत. यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणून तर अजून चीड येते.

अण्णा म्हणजे आमचे मालक. बेंगळुरात तीन पिढ्या काढलेलं मराठी घर. साठ सालानंतरची गोष्ट, कारखाना राजाजीनगरच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तांब्याची तार गुंडाळायची, ते काम आम्हा आठ बायकांकडे. उजव्या हाताने मशीनचा दांडा फिरवायचा आणि डाव्या हाताच्या चिमटीतून केसासारखी बारीक तार सोडत राहायची. भोंगा झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत, उभ्याने. पायांचं त्यात काहीच काम नव्हतं, तरी राबायचे तेच.

मी निपाणीकडची. वडील गेले तशी शाळा सातवीतच सुटली आणि मामांनी मला इकडे आणलं. मामा सरकारी कारखान्यात फिटर. त्यांच्या ओळखीने अण्णांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा म्हणाले होते, आपल्या माणसांची पोर, माझ्या मुलीसारखीच. परक्या गावात कुणी मराठीत असं बोललं की माणूस विरघळतं. मी पाया पडले होते त्यांच्या. ती कृतज्ञता खोटी नव्हती. गावी आईची चूल माझ्या पगारावर पेटत होती. तार तुटली तरी वाटायचं, की आता काढतात.

माझ्या शेजारच्या मशीनवर अक्का असायच्या. कन्नड बाई, चाळिशीच्या, नवरा वारलेला, दोन मुलगे शाळेत. सीमेवरची असल्याने मला कन्नड यायचं, पण आमच्याकडचं रांगडं. ते ऐकून अक्का म्हणायच्या, तू बोलतेस की भांडतेस? डबा उघडला की त्यांच्या आधी माझ्या झाकणात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, पडायचं. त्यांच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा दोरासारख्या फुगल्या होत्या आणि घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरने बजावलं होतं, दिवसभर उभं राहणं बंद करा, नाहीतर पाय हातचा जाईल. बंद करून खायचं काय?

बसून काम केलं तर चालेल का, असं अक्कांनी एकदा अण्णांना विचारलंही. अण्णा रागावले नाहीत, हसले. बसलं की झोप येते आणि झोप आली की तार तुटते, म्हणाले. घरी जाऊन बसायचंच आहे की. स्टुलं तेव्हा माळ्यावर होती, गोणपाटाखाली.

मी हे मामांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांचा जेवता हात थांबला. "अगं, कायदा आहे तसा. उभ्याने काम करणाऱ्याला मध्ये टेकायला जागा द्यावीच लागते. बसून होण्यासारखं काम असेल, तर इन्स्पेक्टर तशी सोय करायला लावू शकतो. ती मालकाची मेहरबानी नव्हे." मग स्वतःच घाबरले आणि म्हणाले, तू मात्र काही बोलू नकोस.

काही दिवसांनी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असं कळलं. आदल्या दिवशी स्टुलं खाली आली, धुतली गेली, प्रत्येक मशीनमागे एक मांडलं गेलं. सकाळी आम्ही त्यांच्यावर बसून कामाला लागलो. अक्कांनी पाय लांब केले आणि असा श्वास सोडला की मला वाटलं त्यांना बरं नाही. तेवढ्यात अण्णा साहेबांना घेऊन आत आले.

आणि आम्ही आठही जणी उठून उभ्या राहिलो.

कुणी सांगितलं नव्हतं. मालक आत येतोय, सोबत साहेब, आणि आपण बसलेल्या? आमच्यापैकी एकीच्याही घरी तसं शिकवलेलं नव्हतं. अक्कासुद्धा टेबलाची कड धरून उठल्या, पदर सारखा केला. या उभ्याने का काम करतात, असं साहेबांनी विचारलं. अण्णा आमच्याकडे मायेने बघत म्हणाले, "सवय आहे, सर. स्टुलं दिलीत, पण यांना उभंच बरं वाटतं." साहेबांनी मान हलवली. कोपऱ्यातल्या मोटरच्या पट्ट्याला जाळी नव्हती, त्यावरून मात्र ते कडक बोलले. लावून घ्या, पुढच्या आठवड्यात बघायला येतो, म्हणाले आणि गेले. दुपारी स्टुलं माळ्यावर.

पट्टा दिसला त्यांना. अक्कांचा पाय लुगड्याखाली होता, तो कसा दिसणार?

त्या आठवड्यात जखमेतून पू यायला लागला. अण्णांनी अक्कांना बोलावून सांगितलं की तुमच्या भल्यासाठीच सांगतो, महिनाअखेरीपासून घरी राहा, तुमच्या जागी एक मुलगी बघितली आहे. अक्का बाहेर आल्या त्या रडल्या नाहीत. थोरल्याला शाळेतून काढून सायकलच्या दुकानात घालते, एवढंच म्हणाल्या. माझीही शाळा अशीच सुटली होती.

डबे खाताना मी सगळ्यांना म्हटलं, परवा साहेब आला तरी उठायचं नाही. बायका हसल्या. एक म्हणाली, महाराणीने सिंहासनावर बसावं, आम्ही चवऱ्या ढाळू. मीही हसले, पण रात्रभर डोळा लागला नाही.

साहेब आले. स्टुलं सकाळीच पुन्हा खाली मांडली होती; ती सरकल्याचा आवाज झाला, सहा जणी उठल्या. अक्कांचा हात टेबलाच्या कडेला गेला. मी तो धरला आणि आमच्याकडच्या कन्नडमध्ये म्हटलं, "कुंद्री, अक्का." बसा.

अण्णा जवळ येऊन मराठीत, साहेबांना कळू नये अशा घरगुती आवाजात म्हणाले, "ऊठ गं. मोठी माणसं आलीत, दिसत नाही?"

मी कन्नडमध्ये उत्तर दिलं, साहेबांना कळावं म्हणून. "बसून काम होतं, अण्णा. बघा, तार तुटली नाही." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, तुम्ही गेलात की ही स्टुलं माळ्यावर जातात."

अक्कांनी लुगडं घोट्याच्या वर घेतलं. साहेब बघत राहिले. मागे एक स्टूल वाजलं. महाराणी म्हणणारी खाली बसली होती.

साहेब अण्णांना बाहेर घेऊन गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण स्टुलं पुन्हा वर गेली नाहीत आणि अक्कांच्या जागी नवी मुलगी आली नाही. मला काढता आलं असतं. ते साहेबांच्या डोळ्यांवर आलं असतं, म्हणून काढलं नसावं. संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, "छान पांग फेडलेस." त्यानंतर ते माझ्याशी कधी मराठीत बोलले नाहीत. मुलगी होते तोवर उभी होते. बसले आणि परकी झाले.

त्यांनी काम दिलं, हे मी आजही विसरत नाही. पण कायद्याने आमचंच असलेलं लाकडाचं स्टूल मिळवायला मला उद्धट व्हावं लागलं, हेही विसरत नाही. अक्कांची जखम पुढे हळूहळू भरत आली. अण्णा आत आले की मात्र त्यांचा हात टेबलाच्या कडेकडे जायचाच, आणि मी दर वेळी तो धरून खाली घ्यायची.