कोलशेतची कांदळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, विद्यार्थ्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय – पण आधी थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागेल. तिच्याशिवाय मला हे सांगताच येणार नाही.

ऐंशीच्या दशकात मी राहायला डोंबिवलीत, कोपरला होते, आणि जीव अडकला होता ठाण्याच्या खाडीतल्या कांदळांत. कांदळ म्हणजे चिखलात उभी राहणारी खारफुटी. तिच्या लांब शेंगा झाडावरच कोंब धरतात आणि खाली पडून रुजतात. साडी खोचून मी गुडघाभर चिखलात उतरायचे. ठाण्यापासून पार रत्नागिरीपर्यंतची पानं बर्फाच्या डब्यातून आणली, त्यांचा रस जेलवर, म्हणजे वीज सोडलेल्या खळीसारख्या पातळ थरावर, चालवला. जेलवर पट्टे उमटतात. पट्टे जुळले की झाडं एका कुळातली. माझ्याइतके स्वच्छ पट्टे आमच्या प्रयोगशाळेत कुणालाच यायचे नाहीत – हे आजही छाती पुढे काढून सांगते.

आणि निघालं काय? कोलशेतची कांदळं शेजारच्या खाड्यांशी जुळेचनात. जुळली ती दूर दक्षिणेतल्या, रत्नागिरीकडच्या एका खाडीशी! मी प्रबंधात लिहिलं – शेंगा समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत आल्या, किनाऱ्याचा जुना इतिहास या रानटी झाडांनी जपला. केवढी वाहवा झाली. घरी पेढे वाटले. मी डॉक्टर झाले.

पण – ती झाडं मला दाखवली कुणी? हिरामावशीने. कोलशेतची कोळीण, खाडीच्या बांधाला लागूनच तिचं घर. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "ही झारां माझे सासूनं लावलीन, बाय. माहेरशी येताना गलबतान शेंगा आनल्यान." सासूच्या गावात तशी रीतच होती. खाडीकाठी दिलेल्या लेकीबरोबर शेंगांची मोळी पाठवायची, सासरचा बांध ढासळू नये म्हणून. आणि ते माहेर कुठलं? तीच दक्षिणेतली खाडी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. पट्टे जुळले त्या दिवशी ते पान फाडून टाकलं. हाताने लावलेल्या झाडांवर मला डॉक्टरेट कोण देणार होतं?

नव्वदच्या दशकात तिथे भराव घालायचं ठरलं. मोजणीच्या साहेबाने पुरावा मागितला – झाडं घरच्यांनी लावलेली असतील तर बांध त्यांचा, आपोआप उगवलेली असतील तर जागा मोकळी. हिरामावशी कोलंबी घेऊन माझ्या दारात आली. "तू लिवून घेतलं व्हतंस ना, बाय? तेवरं कागदावर दे."

मी तिला खुर्ची दिली. चहा दिला. आणि म्हटलं, मावशी, मला असं काही आठवत नाही.

ती भांडली नाही. चहा संपवला, कोलंबी ओट्यावर ठेवली आणि गेली. महिन्याभरात बांध गेला, झाडंही गेली.

माझे पट्टे खोटे नव्हते बरं का. उलट तिचा शब्दन्‌शब्द खरा असल्याचा पुरावा तेच होते, आणि तो पुरावा देऊ शकणारं माणूस अख्ख्या ठाण्यात एकच होतं – मी. त्या पट्ट्यांचा मला अभिमान होता. अजून आहे.

कोलंबी मी त्याच दिवशी रांधली. छान झाली होती.