गव्हाच्या कोठीतले देव

"मले शक येऊन राहिला," असं म्हणून आमचे शेजारी आधी दाराबाहेर डोकावत आणि मगच पुढचं बोलत. दूधवाल्यावर शक, रेडिओच्या बातम्यांवर शक. राज्यांची नवी मांडणी होऊन नागपूर आमच्यापासून तुटलं, तेव्हा आम्ही जबलपूरचे मराठी लोक नुसते हळहळलो. त्यांना त्यातही कुणाचा तरी डाव दिसला. असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

संरक्षण कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो आणि क्वार्टरही लागून. ते लाल बावट्याच्या युनियनचे चिटणीस. लग्न झाल्याबरोबर त्यांनी घरातलं देवघर उचलून बाहेर ठेवलं होतं. वहिनींनी देव गव्हाच्या कोठीत लपवले. हे कामावर गेले की त्या देव काढायच्या, हात जोडायच्या आणि पुन्हा गव्हात पुरायच्या. आळीतल्या साऱ्या बायकांना हे ठाऊक होतं.

एकदा कॅन्टोन्मेंटातल्या चर्चच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमा दाखवणार होते. कम्युनिस्ट राजवटीत तुरुंगात पडलेल्या एका पाद्र्याची गोष्ट.

"किती खोटं दाखवतात ते पाहून येऊ, चलो," ते मला म्हणाले.

आम्ही मागे बसलो. तिथले फादर पुढे उभे राहून हिंदीत अर्थ सांगत होते. "तुरुंग पुठ्ठ्याचा हाये," ते माझ्या कानाशी कुजबुजले. मग पडद्यावर एक म्हातारी आली. कणीक मळताना ती पुटपुटत प्रार्थना करायची आणि बुटांचा आवाज आला की ओठ घट्ट मिटायची. बूट तिच्याच मुलाचे होते.

त्यानंतर माझ्या कानाशी काही आलं नाही.

बाहेर त्यांनी फादरना गाठलं. "सच बताइए, ऐसा हुआ था?"

"सिनेमा तो बनाया हुआ है," फादर म्हणाले, "लेकिन ऐसे डरे हुए लोगों से मैं मिला हूँ।"

पुढच्या बैठकीत त्यांनी युनियनला तोच प्रश्न विचारला. चर्चवाल्यांनी याला फोडलं, अशी कुजबुज सुरू झाली आणि चिटणीसपद गेलं. कॅन्टीनमध्ये ते आले की टेबलावरचं बोलणं थांबायचं.

घरी त्यांनी भिंतीला एक फळी ठोकली. "कोठीतले देव ठेव इथं. मले माहीत हाये," ते वहिनींना म्हणाले.

वहिनी घाबरून आमच्याकडे आल्या. "भाऊजी, हे देव नर्मदेत टाकतील. नाहीतर आताच काहून काढायला सांगून राहिले?"

कितीतरी दिवस फळी रिकामी होती. एका सकाळी ते पायरीवर दाढी करत होते आणि आतून घंटी वाजली. वस्तरा गालावरच थांबला. मी आत जाऊ लागलो तसे हळूच म्हणाले, "थांबा. तिचं चालू हाये."

देव त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही. पूजा आटपेपर्यंत मात्र रोज घराकडे पाठ करून पायरीवर बसत.

ते गेले, तेव्हा वहिनींनी त्यांचा फोटो बाहेरच्या भिंतीवर लावला, बरोबर पायरीच्या वर.

"आत देवांजवळ काहून नाही लावला?" मी विचारलं.

"त्यायले नाही आवडणार," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने काच पुसून आत गेल्या.