नाशिक की सांगली
सामान बांधताना बायकोचा कप उचलला. फळीभर वाळू साचली होती, कपाखाली तेवढं एक स्वच्छ वर्तुळ राहिलं होतं. जैसलमेरात वाळूमुळे कप पालथेच ठेवायचे, ही तिची शिस्त.

निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावरून चहाच्या वेळी आम्ही रोज भांडायचो. ती नाशिक म्हणायची, मी सांगली. दोन्हीकडे नदी आहे, एवढंच आम्हा दोघांना मान्य होतं. उन्हाळ्यात ती गेली. आता नाशिक म्हटलं तर जिंकल्याचा आनंद व्हायला ती नाही, आणि सांगली म्हटलं तर अडवायला कुणी नाही. दोन्ही नद्या एकदमच आटल्यासारख्या वाटतात.

मुलाचा फोन आला. "बाबा, नाशिक की सांगली? ट्रकवाला विचारतोय."

मी कप पुन्हा त्याच वर्तुळावर पालथा घातला. म्हटलं, "उद्या सांगतो."