भंडारदऱ्याचा नावाडी

भंडारदऱ्याच्या तलावावर साहेबांना शिकारीसाठी फिरवणारा एक म्हातारा नावाडी होता. साहेबांच्या बंगल्यावरचा कारकून म्हणून मीही होडीत असायचो. नावाडी बोले कमी आणि सुस्कारे जास्त सोडी; पाखरं दिसली की नुसती हनुवटी तिकडे वळवी.

एका सकाळी रानबदकीण पिलांसह समोर आली. साहेबांनी नेम धरताच त्यानं वल्हं पाण्यावर फाडकन आपटलं. बदकीण पिलांना घेऊन लव्हाळ्यात शिरली. साहेब संतापले. मी घाईनं म्हणालो, "म्हातारा आहे साहेब, वल्हं निसटलं."

"न्हाई निसटलं," तो म्हणाला. "इतकी वर्सं मीच पाखरं दावीत आलो. आता न्हाई हुत माज्याच्यानं."

त्यानं होडी नेहमीसारखी हळूहळू काठाला लावली, साहेबांना हात देऊन उतरवलं आणि उद्यापासून येणार नाही, असं मला सांगितलं.