व्हर्लिनला घंटा कोण बांधणार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे, व्हर्लिनकडे, एक मोटारसायकल होती. मोटारसायकल आपलं म्हणायचं. खरं तर ती दोन चाकांवर ठेवलेली बैठकीची खोली होती. रेडिओ होता, सीट गरम करायचं बटन होतं, कॉफीचा कप ठेवायला खोबण होती, आणि मागे माझ्या बहिणीसाठी, लव्हॉनसाठी, हात टेकायच्या सोयीसकट आरामखुर्ची होती. चारशे किलोचं ते धूड मागे ढकलणं माणसाचं काम नव्हतं, म्हणून मागे जायलाही इंजिन लागायचं. संडास तेवढा राहिला होता. तिचं नाव त्याने बर्था ठेवलं होतं. सकाळी उठून तो आधी बर्थाकडे बघून यायचा, मग लव्हॉनला झोप लागली का ते विचारायचा.

माझी गाडी लहान. पडली तर माझी मी उचलेन एवढी हलकी. व्हर्लिन तिला शिलाई मशीन म्हणायचा. दर रविवारी आमचं मोटारसायकलवाल्यांचं मंडळ फेरीला निघालं की हा बर्थावरून खाली बघत विचारणार, "ग्लेनिस, आज फिरायचंय की पडदे शिवायचेत?" आणि आपल्याच विनोदावर खांदे उडवून हसणार. विनोद एकच, पण गड्याने पंधरा उन्हाळे पुरवला. आमच्या या विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत माणसं काहीही टाकून देत नाहीत, विनोदसुद्धा.

आता घंटेचं सांगते. चालत्या गाडीवरून पडलात तर तो अपघात. ते देव आणि डॉक्टर बघून घेतात. पण उभी गाडी ज्याने पाडली त्याचं आमचं मंडळ बघतं. त्याच्या हँडलला गाईच्या गळ्यातली एक घंटा बांधायची. दुसरं कुणी गाडी पाडेपर्यंत ती त्याच्याकडेच. मग रस्ताभर टण्-टण् चालू. कुरणातल्या गायी माना वर करून बघतात, आपल्यातली कोण चालली म्हणून. घंटा व्हर्लिनच्या वडिलांच्या गोठ्यातली आणि नियमही व्हर्लिनचाच. त्याच्या स्वतःच्या हँडलला मात्र ती कधी लागली नव्हती, आणि ही गोष्ट तो चारचौघांत विषय काढून काढून सांगायचा.

नियम पाळण्यात त्याला दयामाया नव्हती. लेलँड आमच्या मंडळाचा म्होरक्या, स्वभावाने लोणी. पित्ताशय काढून आला, पहिल्याच फेरीत थांबल्यावर गाडी कलंडली, तर व्हर्लिन घंटा घेऊन हजर. माझा नवरा एल्मर गेला तेव्हाही तेच. मातीला जेमतेम दोन आठवडे झाले होते. घरात बसवेना म्हणून मी फेरीला गेले, आणि तिठ्यावर थांबताना पाय सटकला. झालं. सगळ्यांनी चर्चमधला चेहरा लावला. कुणी खांद्यावर हात ठेवतंय, कुणी पाणी देतंय. व्हर्लिन उतरला, घंटा बांधली आणि म्हणाला, "गाडी पाडलीस, ग्लेनिस." बस, एवढंच. त्याला चावावं असं वाटलं मला. घरी येईपर्यंत हेल्मेटच्या आत रडत आले. पण खरं सांगू? त्या दोन आठवड्यांत मला काचेचं भांडं न समजणारा तो एकटाच होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्यात सांगत नाहीत.

गेल्या जुलैतली गोष्ट. चीजच्या कारखान्यासमोर गाड्या लावायची जागा आहे, खडीची आणि उताराची. फेरी संपली की तिथे ताज्या चीजचे तुकडे खायचे, हा रिवाज. व्हर्लिन शहात्तरचा, डावा गुडघा त्याच्याहून म्हातारा. तो थांबला, पाय टेकला, खडी सरकली. बर्था आधी जराशी कलली, मग तिने विचार केला, आणि मग सावलीत गाय बसते तशी बसली. व्हर्लिन बाजूला उभा, दोन्ही हात मोकळे. चार बाप्ये धावले, "एक, दोन, तीन" करून त्यांनी तिला उभी केली. कुणी हसलं नाही. तिथेच माशी शिंकली.

घंटा तेव्हा लेलँडच्या हँडलला होती. या भल्या माणसाने काय करावं? हळूच हात घालून घंटेची जीभ दोन बोटांत धरली, चुकून वाजू नये म्हणून. आणि म्हणाला, "हवा मात्र छान पडलीय." सगळ्यांनी हवेकडे बघितलं. हवा रोजच्यासारखीच होती. आम्ही असेच. शेजाऱ्याचं कोठार पेटलं तरी म्हणू, आज जरा उकडतंय, नाही? अळीमिळी गुपचिळी. व्हर्लिनने हातमोजे काढले, घातले, परत काढले. तो वाट बघत होता, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्याने चीजची पिशवी घेतली, त्यातला एक तुकडाही न खाता घरी गेला.

पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी कुंपण पडलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी कुत्र्याचं पोट बिघडलं. ऑगस्टात मॅडिसनहून कुणी दातांचा डॉक्टर आला आणि बर्थाला घेऊन गेला. आता गाडी चालवणं बस झालं, असं व्हर्लिनने जाहीर केलं, आणि "बरोबर निर्णय" म्हणून मंडळातल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. दिवे लावले अगदी.

मग लव्हॉनचा फोन आला. व्हर्लिन दिवसभर गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीत बसतो म्हणे, बर्था उभी असायची तिथल्या तेलाच्या डागाकडे बघत. जेवायला हाक मारली की येतो, जेवतो आणि आभार मानतो.

"माझे आभार मानतो, ग्लेनिस," ती म्हणाली. "पाहुण्यासारखा. असंच चाललं तर तो हिवाळा नाही काढायचा."

तिचा आवाज भरून आला. आमच्या घराण्यात आवाज भरून येणं म्हणजे अक्रीतच. मी परसातली एक झुकिनी, काकडीसारखा दिसणारा तो भोपळा, उचलली आणि गाडीवरून निघाले. ऑगस्टात आमच्याकडे कुणाकडेही जाताना झुकिनी न्यायची असते. प्रेमाने नव्हे, घरातली खपवायला.

गॅरेजमध्ये साहेब खुर्चीत. मी विचारलं, गुडघा कसा आहे. वाईट नाही. कुंपण? उभं आहे. आणि कुत्रा? तर म्हणे, कुत्र्याला काय धाड भरलीय? स्वतःची थापही लक्षात नव्हती. मी म्हटलं, हलकी गाडी घे एखादी, माझ्यासारखी. नेहमीचा व्हर्लिन असता तर पडद्यांवर घसरला असता. हा डागाकडेच बघत राहिला.

"त्या दिवशी तुम्ही मला घंटा दिली नाहीत," तो म्हणाला.

"लेलँडला तुला लाजवायचं नव्हतं रे."

"ठाऊक आहे. तेच तर. मंडळातल्या माणसाला घंटा मिळते, ग्लेनिस. म्हाताऱ्याला हवापाण्याच्या गोष्टी मिळतात."

एल्मरच्या वेळचं सगळं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी खोटं बोलले. पाठीत उसण भरलीय, गाडी चालवायला जमणार नाही, तेवढी माझ्या घरी नेऊन सोड, मला लव्हॉन मोटारीतून सोडेल. किल्ली त्याच्या मांडीवर टाकली आणि कंबरेला हात लावून, कण्हत बाहेर पडले. नाटक इतकं भिकार होतं की कुत्र्यानेही मान फिरवली.

माझं घर दहा मिनिटांवर. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पिऊन पिऊन कंटाळलो, तेव्हा कुठे हा उगवला. पुढच्या दातात चिलट अडकलं होतं. म्हणजे तोंड उघडं होतं, म्हणजे हसत होता. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "ब्रेक जरा सैल आहेत." आमच्याकडे याला स्तुती म्हणतात. लव्हॉन खिडकीकडे तोंड करून उगाच कप विसळत बसली.

पुढच्याच आठवड्यात त्याने गाडी घेतली. हलकी, माझ्यापेक्षा किंचित मोठी. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच. इथे कुणाला कळू नये म्हणून नदीपलीकडे आयोवात जाऊन घेतली आणि ताडपत्री झाकून ट्रेलरवर घालून आणली. पेट्रोल पंपावरच्या बाईने ताडपत्रीखालचं चाक बघितलं, आणि तो घरी पोचायच्या आत गावाला गाडीचा रंगसुद्धा कळला.

सप्टेंबरात एका रविवारी तो फेरीला आला. बाप रे, काय ते कौतुक. किती सोयीची! पेट्रोल कमी खात असेल, नाही? माझाही विचार चाललाय बरं का, पुढच्या वर्षी. नवी कवळी बसवून आलेल्या माणसाशी बोलतात तसं चाललेलं. व्हर्लिन सगळ्यांचे आभार मानत होता. आभार शब्द ऐकला आणि मला लव्हॉनचा फोन आठवला. पडद्यांच्या विनोदाची परतफेड करायला मी पंधरा उन्हाळे टपले होते. आता तो दिवस उजाडला, तर तो विनोद माझ्याही तोंडातून निघेना.

फेरी झाली, चीजच्या कारखान्याशी आलो. तीच खडी, तोच उतार. बर्थाचं स्टँड लाथ घालून खाली पाडावं लागायचं, सगळं अंग त्यात घालावं लागायचं. या गाडीला अंग म्हणून लागलंच नाही, त्यामुळे स्टँड लावायचं राहिलंय हे त्याला कळलंच नाही. ऐटीत उतरला, हेल्मेट काढलं, दोन पावलं टाकली. मागे गाडी आडवी.

चार बाप्ये पुन्हा धावले. पण ते पोचायच्या आत व्हर्लिनने वाकून हँडल धरलं, गुडघ्याला एक शिवी दिली आणि गाडी उभी केली. एकट्याने. स्टँड लावलं. धावणारे अर्ध्या वाटेत उभे, रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. व्हर्लिनने हातमोजे काढले, घातले. जुलैपासून कुणी गाडी पाडली नव्हती, त्यामुळे घंटा अजून लेलँडकडेच होती. लेलँडची दोन बोटं घंटेकडे गेली. त्याने तोंड उघडलं, आणि आता हवा येणार हे मला कळलं.

"लेलँड," मी म्हटलं, "हवेबद्दल एक शब्द काढलास तर याद राख. घंटा दे इकडे."

"अगं, शहात्तर वर्षांचा आहे तो," तो कुजबुजला.

"असेना. गाडी पाडलीय त्याने."

त्याने घंटा सोडून दिली. पट्ट्याचं बक्कल लागेना. व्हर्लिन मान ताठ करून उभा. अखेर बक्कल लागलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"गाडी पाडलीस, व्हर्लिन," मी म्हटलं.

तिठ्यावरचा तो रविवार त्यालाही आठवला असणार, कारण हनुवटी हलली त्याची. मग घसा साफ केला.

"पट्टा वर घे," तो म्हणाला. "टाकीला घासेल."

मी पट्टा वर घेतला. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच सुटले. या माणसाला शिलाई मशीनसुद्धा उभं ठेवता येत नाही, असं लेलँड म्हणाला. हो, लोण्यासारखा लेलँड. पडद्यांचं मी तेव्हाच उरकून घेतलं. व्हर्लिनने चीजची अख्खी पिशवी एकट्याने संपवली.

घरी जायला जवळचा रस्ता होता. व्हर्लिन मात्र गावातून गेला, तेही चर्च सुटायच्या वेळेला, आणि प्रत्येक खड्डा शोधून त्यात चाक घालत.

संध्याकाळी लव्हॉनचा फोन आला. व्हर्लिनने गाडी पाडली असं पंपावरच्या बाईकडून कळलं म्हणाली. मी म्हटलं, पाडली. अजून गॅरेजमध्येच आहे, ती म्हणाली, हँडल हलवून हलवून घंटा वाजवतोय, आणि भाजीत मीठ जास्त पडलंय म्हणून दुपारी माझ्यावर खेकसला.

"बरं झालं बाई पाडली," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग मीही.

मग थोडा वेळ आम्ही दोघी हवेबद्दल बोललो.